‘थ्रोन ऑफ ब्लड’: एकही मूळ ओळ नसलेला ‘मॅकबेथ’

अकिरा कुरोसावाच्या या १९५७च्या चित्रपटात शेक्सपिअरची एकही ओळ नाही. गोष्ट ‘मॅकबेथ’चीच, म्हणजे बायकोच्या चिथावणीने धन्याचा खून करून सत्ता बळकावणाऱ्या सरदाराची, पण स्कॉटलंडच्या जागी यादवीत होरपळणारा जपान आणि तीन चेटकिणींच्या जागी चरखा फिरवणारं एकच भूत. गाजलेली स्वगतं सगळी गेली. तरीही रंगमंचावरची शोकांतिका पडद्यावर इतकी अस्सल उतरलेली फार क्वचित बघायला मिळते. आणि याचं मोठं श्रेय कुरोसावाने ‘नो’ या जपानच्या पारंपरिक मुखवट्यांच्या रंगभूमीकडून जे घेतलं त्याला आहे.

इसुझु यामादाची असाजी, म्हणजे इथली लेडी मॅकबेथ, नीट बघा. चेहरा ‘नो’च्या मुखवट्यासारखा गोठलेला. नवऱ्याच्या मनात खुनाचं विष कालवताना ती जागची हलत नाही. तोशिरो मिफुनेचा वाशिझु, म्हणजे मॅकबेथ, मात्र खोलीभर येरझाऱ्या घालतो, धापा टाकतो. पहारेकऱ्यांसाठी गुंगीची साके (तांदळाची दारू) आणायला ती मागच्या अंधाऱ्या दारातून आत जाते आणि पूर्ण दिसेनाशी होते. ऐकू येते ती फक्त रेशमी किमोनोची सळसळ. मग त्याच काळोखातून ती साकेचं भांडं घेऊन बाहेर येते. धन्याचा खून दाखवलेलाच नाही. त्या वेळी कॅमेरा असाजीपाशी थांबतो, आणि आतापर्यंत दगडासारखी बसलेली ही बाई एकदम उठून थरथरत फिरू लागते. अंगावर काटा येतो!

कथेतला एक बदल विलक्षण आहे. मित्र मिकीच्या, म्हणजे मूळ नाटकातल्या बँकोच्या, मुलाला वारस करायला वाशिझु तयार झालेला असतो. तेवढ्यात असाजी आपण गरोदर असल्याचं सांगते, आणि मित्राचा काटा काढायला कारण मिळतं. पुढे मूल मृत जन्मतं. ज्या वंशासाठी मित्राला मारलं तोच उरत नाही; न दिसणारं रक्त पुसायला असाजी हात धूत राहते ते त्यानंतर.

गमावलंय काय? मूळ नाटकात मॅकबेथला मारणाऱ्या मॅकडफची सगळी बाजू. त्यामुळे शेवटचं द्वंद्वही नाही. वाशिझुला त्याचेच सैनिक बाणांनी टिपतात. वाशिझु आतून कसा पोखरला जातो हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही, आणि मूळ नाटकाच्या भाषेवर जीव असलेल्यांना ही उणीव जाणवेल. पण त्या बाणांच्या दृश्यात मिफुनेच्या डोळ्यांत जी भीती आहे ती बरीचशी खरी आहे: धनुर्धारी बोलावून त्याच्या आसपास खरे बाण सोडले होते. मानेत आरपार गेलेला बाण तेवढा करामतीचा.

बघताना काही गोष्टी सांभाळा. चित्र कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी आहे. टीव्ही ते ताणून पडदा भरत असेल तर ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, बंद करा. फुजीच्या उतारावरचं धुकं हे या चित्रपटातलं एक पात्रच आहे, आणि कमी बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला कमी डेटा पाठवणाऱ्या, स्ट्रीमिंगवर सर्वात आधी तेच बिघडतं. कारण करड्या रंगाच्या अगदी जवळजवळच्या छटा असतात, त्यावर फिल्मचे हलणारे कण; काँप्रेशनमध्ये त्यांचे ठोकळे पडतात. म्हणून ब्लू-रे चांगली. ब्राइटनेस वाढवू नका, काळोखाची जादू जाते. आवाज मात्र थोडा मोठा ठेवा, नाहीतर ती सळसळ निसटेल.

क्रायटेरिअन या अमेरिकी कंपनीच्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल्सचे दोन संच आहेत, लिंडा होगलंड यांचा आणि डोनाल्ड रिची यांचा. असाजीचे संवाद दोन्हींत वाचून बघा, फरक रंजक आहे. मायकेल जेक यांची चित्रपटासोबत ऐकायची कॉमेंट्री दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा. धुक्यात वाशिझु आणि मिकी हे दोघे घोडेस्वार पुन्हा पुन्हा तिथेच येतात ते दृश्य लांबलंय म्हणून पुढे ढकलू नका. रस्ता चुकल्याची घालमेल त्या लांबीतूनच येते.