लॅटेक्स सुकताना पाहायचे: क्ष-किरण की न्यूट्रॉन?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बीमटाइम (मोठ्या केंद्रात किरण वापरायला मिळणारा वेळ) कुठे मागावा, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. लॅटेक्स म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे बारीक कण. थेंब सुकताना हे 100-200 नॅनोमीटरचे कण कसे रचले जातात, हे तिला बघायचे आहे. त्यासाठी नमुन्यावर क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन सोडून ते कोणत्या कोनात किती विखुरतात, ते मोजतात.

वेगात क्ष-किरणांना तोड नाही. सिंक्रोट्रॉनवर (अतिशय तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) सेकंदाच्या आत विखुरण्याचे एक चित्र मिळते. पाणी उडते, कण जवळ येतात आणि विखुरण्याचे शिखर मोठ्या कोनाकडे सरकताना दिसते. न्यूट्रॉनला एका चित्रासाठी बहुधा काही मिनिटे लागतात. तोवर पातळ थर सुकूनही जातो.

खरा फरक कॉन्ट्रास्टचा, म्हणजे कण आणि पाणी किरणांना किती वेगळे दिसतात याचा. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, आणि पॉलिस्टायरीन (लॅटेक्सचे एक नेहमीचे पॉलिमर) व पाण्याची इलेक्ट्रॉन घनता जवळजवळ सारखीच, घन नॅनोमीटरला सुमारे 340 आणि 334 इलेक्ट्रॉन. त्यामुळे क्ष-किरणांत सिग्नल क्षीण येतो. न्यूट्रॉनला मात्र हायड्रोजन आणि ड्यूटेरियम (हायड्रोजनचेच जड रूप) अगदी वेगळे दिसतात. काही कण ड्यूटेरियमयुक्त केले, तर कण चिकटल्यावर पॉलिमरच्या साखळ्या एकमेकांत किती शिरल्या तेही मोजता येते. पण त्यासाठी लागणारे ड्यूटेरियमयुक्त मोनोमर (पॉलिमरचे सुटे घटक) महाग. शिवाय उघड्यावर जड पाणी (ड्यूटेरियमचे पाणी) हवेतला ओलावा ओढते आणि कॉन्ट्रास्ट बदलत जातो. पावसाळ्यात तर आर्द्रता स्थिर ठेवणारी पेटीच हवी.

क्ष-किरणांचा मारा नमुन्याला इजा करतो, म्हणून जागा बदलत मोजावे.

रचना कशी घडत जाते हे हवे असेल, तर इंदूरचे इंडस-2 सिंक्रोट्रॉन. थर तयार झाल्यावर साखळ्यांचे मिसळणे हवे असेल, तर न्यूट्रॉन देणारी ट्रॉम्ब्यातली ध्रुव अणुभट्टी. एवढे मोठे कण किरणांना अगदी लहान कोनातच विखुरतात, म्हणून दोन्हीकडे आधी विचारा, इतक्या लहान कोनापर्यंत मोजता येते का. तिचा प्रश्न रचनेचा आहे. तिने इंदूरलाच अर्ज करावा.