समोरच्या काचेच्या रबराची करकर आणि सिलिकॉन ग्रीस: तिन्ही ऋतूंतील वापरानंतरचा अनुभव

नागपुरात सिमेंटचा उंच रस्ता सोडून गट्टू बसवलेल्या गल्लीत वळताना गाडीचे एक चाक आधी उतरते आणि दुसरे मागाहून. त्या तिरक्या हेलकाव्यात माझ्या २०१६ सालच्या हॅचबॅकच्या समोरच्या काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून हमखास करकर ऐकू येत असे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यावर सिलिकॉन ग्रीस लावले. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू आता पार पडले असल्याने त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

आजच्या गाड्यांची समोरची काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने बॉडीला पक्की जोडलेली असते. कडेने दिसणारे काळे रबर तिला धरून ठेवत नाही, फक्त फट झाकते. बॉडी किंचित पिळली गेली की या रबराची पातळ कड काचेला किंवा पत्र्याला चिकटते, ताणली जाते आणि एकदम सुटते, आणि हेच भराभर घडत राहिले की करकर होते. रबर मऊ असेपर्यंत ते निमूटपणे सरकते, परंतु ४५ अंशांचे उन्हाळे सोसून कडक झाल्यावर ते अडू लागते.

ग्रीस विकत घेण्यापूर्वी आवाज खरोखर रबराचाच आहे ना, हे तपासणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण डॅशबोर्डची कड, ए-पिलरचे (समोरची काच आणि पुढचे दार यांमधल्या खांबाचे) आवरण आणि वायपरखालचे प्लास्टिकचे काउल हे तिघेही अगदी तसाच आवाज काढतात आणि काच तो सगळीकडे पसरवते. पावसात आवाज थांबत असेल तर संशय रबरावर घ्यावा. पाऊस नसेल तर शाम्पूचे पातळ पाणी काचेच्या एकाच बाजूच्या रबरावर शिंपडून त्याच वळणावरून गाडी न्यावी. शेजारी बसलेल्याने आतून ए-पिलरवर तळहात दाबून धरावा. पाण्याने आवाज बंद झाला तर रबर, हाताच्या दाबाने बंद झाला तर पिलरचे आवरण, इतका हा साधा निवाडा आहे.

मी वापरलेले ग्रीस जपानच्या शिन-एत्सू कंपनीचे असून होंडा तेच आपल्या गाड्यांच्या रबरांसाठी १०० ग्रॅमच्या नळीत विकते. किंमत ऐकून आधी कपाळाला आठ्या पडतात, परंतु एका काचेला हरभऱ्याएवढे ग्रीसही जास्त होते. रबर धुऊन पूर्ण कोरडे केले, काचेच्या कडेला मास्किंग टेप लावली, जुन्या प्लास्टिक कार्डाने रबराची कड अलगद उचलली आणि कापसाच्या काडीने आतल्या बाजूला ग्रीसचा जेमतेम थर दिला. रात्रभर तसेच ठेवून सकाळी उरलेले पुसून काढले. टेपचा कंटाळा करू नये. सिलिकॉन काचेवर गेले की वायपर फरफटतात आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेवर फाकतात.

हिवाळाभर तो कोपरा गप्प राहिला. एप्रिलच्या अखेरीस चालकाच्या बाजूने, खालून, थोडा वेगळा आणि कोरडा आवाज सुरू झाला. शाम्पूच्या पाण्याने त्यात काहीच फरक पडला नाही. वायपरचे हात काढून काउल उचलले तेव्हा उन्हाने ठिसूळ झालेली एक क्लिप तुटलेली आणि प्लास्टिकची कड काचेला घासून चकचकीत झालेली आढळली. नवी क्लिप आणि कडेखाली कापडी फेल्ट टेप एवढ्यावर ते काम भागले. तेथे ग्रीसचा उपयोग झाला नसता. पुढे पावसाळ्यात ग्रीस धुऊन गेले नाही, मात्र रबराच्या कडेने धुळीची बारीक काळी रेघ धरते, ती ओल्या कापडाने अधूनमधून पुसावी लागते.

गॅरेजमध्ये खोबरेल तेलापासून व्हॅसलीनपर्यंत सर्व काही सुचवले जाते. व्हॅसलीन आणि गंज सोडवणारे स्प्रे खनिज तेलावर आधारलेले असल्याने गाडीच्या नेहमीच्या ईपीडीएम रबराला फुगवतात. ग्लिसरीन रबराला सोसते, पण पाण्यात विरघळत असल्याने पहिल्याच पावसात जाते. सिलिकॉन स्प्रे चालतो, परंतु त्याचा थर पातळ असल्याने लवकर विरतो आणि तो उडून काचेवर बसतो.

काच नुकतीच बदललेली असेल, पायाखालची चटई ओली लागत असेल किंवा वेग वाढला की कडेतून शिट्टी येत असेल, तर मात्र ग्रीसच्या वाटेला जाऊ नये. तो दोष चिकटद्रव्याच्या जोडाचा असू शकतो, आणि सिलिकॉनचा अंश जेथे राहतो तेथे नवे पॉलियुरेथेन नीट धरत नाही. म्हणूनच पुढेमागे काच बदलायची वेळ आली तर येथे सिलिकॉन लावलेले आहे, हे काच बसवणाऱ्याला आधीच सांगावे.

नळीतले बरेचसे ग्रीस शिल्लक होते, ते चारही दारांच्या आणि डिकीच्या रबरांना लावले. खराब रस्त्यावर मागच्या दारातून येणारी बारीक कुरकुर त्यानंतर ऐकू आलेली नाही.