खालचा जबडा लांबवणारा डिस्ट्रॅक्टर: आतला घ्यावा की बाहेरचा?

लहानपणी हनुवटीवर आपटून जबड्याचा सांधा जखडला की तोंड उघडत नाही आणि खालच्या जबड्याची वाढ खुंटते. तो लांबवायला हाड कापून त्याचे दोन तुकडे यंत्राने हळूहळू दूर नेतात, मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. हे यंत्र म्हणजे डिस्ट्रॅक्टर; ते दोन प्रकारचं मिळतं. बाहेरच्यात दिशा मध्येच बदलता येते, काढणंही सोपं. पण गालावर पिनांचे व्रण राहतात, पिना सैल होतात, कुशीवर झोपलं की उशीला अडकतात. आतलं दिसत नाही. मात्र दिशा बसवतानाच ठरते, आणि काढायला पुन्हा भूल द्यावी लागते. तरी शाळेत जाणाऱ्या मुलाला आम्ही आतलंच सुचवू.

हाड कापल्यावर साधारण ५ ते ७ दिवस थांबायचं, मग रोज १ मिमी: सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. किल्लीच्या एका फेऱ्याला किती सरकतं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, घरी जाण्याआधी विचारून घ्या. किल्ली बाणाच्या दिशेनेच फिरवायची. घाई केली तर हाड कच्चं राहतं, नस ताणून ओठ बधिर होतो; रेंगाळलात तर हाड मध्येच जुळतं. लांबी मिळाल्यावरही यंत्र दोन-तीन महिने तसंच ठेवायचं.

झोपेत श्वास अडकत असेल तर बहुतेकदा आधी जबडा पुढे आणतात, सांधा नंतर सोडवतात. सोडवताना ऑपरेशनच्या टेबलावरच तोंड ३५ मिमी उघडलं पाहिजे. पुढे हाइस्टरच्या जॉ ओपनरने (दातांमध्ये ठेवून स्क्रूने तोंड उघडायचं साधन) व्यायाम, तोही महिनोन्‌महिने. दुखतं म्हणून पालक इथेच ढिले पडतात, आणि सांधा परत जखडतो. त्याचं खापर यंत्रावर फोडू नये.