सर्व्हर रूमसाठी आग विझवणारा सिलिंडर कोणता: एबीसी पावडर की सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू)?
फोर्ट असो की अंधेरी, ऑफिसात लाल सिलिंडर बहुधा एबीसी पावडरचाच. कागद, पेट्रोल, वायरिंग, सगळ्यावर चालतो, स्वस्तही पडतो. पण त्यातलं मोनो अमोनियम फॉस्फेट सर्व्हरवर बसलं की मुंबईच्या दमट हवेत ओलावा धरून सर्किट खातं. आग विझते, मशीन जातं. म्हणून विजेचं पॅनेल आणि सर्व्हरपाशी मी सीओटूच लावायला सांगेन. मागे काही उरत नाही. मात्र बंद खोलीत तो माणसाचाही श्वास कोंडतो. फवारा मारा, लगेच बाहेर या, दार लावा. सीओटूच्या सिलिंडरला प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, नसतो, म्हणून भरलेला आहे का ते वजन करूनच तपासा. फायलींच्या गठ्ठ्यांची आग मात्र सीओटूने दबते आणि पुन्हा पेटते. तिथे पाणी किंवा पावडरच हवी.