लाइव्ह कॅमेरावालं डेकेअर की ठरलेली ताई असणारं? दोन्हीकडे मूल ठेवून झाल्यावर माझं मत

तीन वर्षांखालच्या मुलासाठी डेकेअर बघताना शेवटी बऱ्याच जणांसमोर दोनच पर्याय उरतात. एक मोठं, जिथे फोनवर दिवसभर कॅमेरा बघता येतो, आणि दुसरं लहानसं, जिथे पालकांना फीड मिळत नाही पण प्रत्येक मुलाला एक ठरलेली ताई असते. आमची मुलगी आधी पहिल्यात होती, आता दुसऱ्यात आहे. स्वच्छता, गेट, सॉकेटची झाकणं वगैरे दोन्हीकडे नीट होतं, नसेल तर तुम्ही तसेही दारातूनच परत याल, त्यामुळे त्यावर लिहीत बसत नाही.

कॅमेरेवाल्याचं चांगलं आधी सांगतो कारण ते खरंच चांगलं होतं. मूल न्यायला कोण येणार याची त्यांची पद्धत एकदम पक्की, फोटो आणि ओटीपी जुळल्याशिवाय सख्ख्या आजोबांनाही मूल देत नव्हते, आणि या एका बाबतीत ते आताच्या जागेपेक्षा सरस होते असं मी आजही म्हणेन. औषधाचंही तसंच, कुठलं, किती, किती वाजता हे लेखी दिल्याशिवाय हात लावायचे नाहीत. आणि पहिले काही दिवस ऑफिसमध्ये बसून ती खेळताना दिसली की जीव भांड्यात पडायचा, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण कॅमेऱ्याला आवाज नसतो. कुणी मुलावर खेकसलं तर ते कळत नाही, कुणी गोड बोललं तरी कळत नाही. डायपर बदलायच्या जागी कॅमेरा नसतो, तो नसायलाच हवा. शिवाय आपलं मूल आपल्याला दिसतं तसंच ते बाकी पंचवीस घरांत पण दिसतं, आणि त्या घरांनी पासवर्ड आणखी कुणाला दिलाय ते कुणालाच माहीत नसतं. आणखी एक गोष्ट हळूहळू लक्षात आली की संध्याकाळी फीडवर फार शांतता असायची, सगळी मुलं एका जागी बसलेली, बघायला छान वाटायचं, तर ते टीव्ही लावलेला असायचा म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असेल तर बरं. पण पालक बघतायत म्हटल्यावर रडारड दिसू नये याकडेच तिथल्या बायकांचं जास्त लक्ष जाणार, मी त्यांना दोष देत नाही, त्या व्यवस्थेचंच ते आहे.

हे सगळं मी तरी चालवून घेतलं असतं. आमचं ठरलं ते एका वेगळ्याच गोष्टीवरून. रोज संध्याकाळी ॲपवर एकच रिपोर्ट, खाल्लं, झोपली, खेळली, हॅपी डे. एक दिवस घरी कपडे बदलताना दंडावर चावल्याची खूण, दातांचा अख्खा अर्धगोल उमटलेला, आणि रिपोर्टमध्ये नेहमीचाच हॅपी डे. या वयाची मुलं चावतात, बोलता येत नाही म्हणून चावतात, त्यात विशेष काही नाही, त्याचा आम्हाला राग नव्हताच. पण विचारल्यावर उत्तर आलं की फुटेज बघून सांगतो, आणि दोन दिवसांनी कळलं की ते फ्रेममध्ये नाहीये. म्हणजे खोलीतल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि कुणी बोललं नाही, आणि यातलं बरं कुठलं ते मला अजून ठरवता येत नाही. नंतर एकदा कपाळावर टेंगूळ, तेव्हाही हेच. मुलाला काय झालं हे आधी आईबापाने शोधायचं आणि मग डेकेअरने तपास करायचा, हा उलटा क्रम मला सहनच होईना.

आताच्या ठिकाणी तिला पुन्हा कुणीतरी चावलं, पण ते आम्हाला दारातच कळलं, चप्पल काढायच्या आधी. किती वाजता, कुठे, त्या वेळी खोलीत कोण होतं, थंड पाण्याची पट्टी ठेवली, हे सगळं वहीत लिहिलेलं आणि खाली आमची सही घेतली. कोणी चावलं ते मात्र सांगितलं नाही. बायको जरा चिडली, मग तिलाच पटलं की उद्या आपली चावली तर आपलंही नाव असंच राखलं जाणार.

ठरलेल्या ताईचा फायदा मला इथे दिसतो, की बघणारं नक्की कोण हे ठरलेलं असतं. ही कल्पना नवी नाही, बुडापेस्टमध्ये एमी पिकलर यांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या बालगृहात प्रत्येक बाळ ठरावीक दाईकडेच असायचं, आणि बाळाला उचलण्याआधी, पुसण्याआधी त्याला सांगायचं ही तिथली शिस्त होती. आमच्या ताई हे करतात की नाही ते मी दारातून बघितलंय. नाक वाहत होतं तर मागून येऊन खसकन पुसलं नाही, समोर बसल्या, रुमाल दाखवला, "नाक पुसू या का" म्हणून थांबल्या, आणि पोरीने स्वतः नाक पुढे केलं. दिसायला किरकोळ वाटतं, पण आपल्या अंगाला हात लावायच्या आधी मोठी माणसं विचारतात हे मूल इथे शिकतंय, आणि पुढे कुणी न विचारता हात लावला तर ते खटकायला हवं असेल तर सुरुवात इथूनच होते असं मला वाटतं.

अडचणी इथेही आहेत. ताई रजेवर असली की सकाळ जड जाते, दुसरी ताई नेमलेली आहे पण पोरगी पाचेक मिनिटं गळ्यातून उतरत नाही. रुळवण्यासाठी सुरुवातीला आमच्यापैकी एकाला तिथे बसावं लागलं, मग थोडा वेळ बाहेर, मग अर्धा दिवस, असं करत करत, नोकरी सांभाळून ते सगळ्यांना जमेलच असं नाही. आधीच्या जागी दारात सोडा आणि जा, दोन दिवसांत रडं थांबतं असं होतं. थांबतं खरं, पण रडं थांबलं म्हणजे मूल रुळलंच असं मी म्हणणार नाही.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. तुम्ही दुसऱ्या गावी कामाला असाल, किंवा आधी कुठे वाईट अनुभव येऊन गेला असेल आणि बघितल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर कॅमेरा घ्या, मी त्याला चूक म्हणणार नाही. दोन्ही एकत्र मिळत असेल तर उत्तमच. एकच मिळणार असेल तर मी ताई घेईन.

बघायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका, दुपारी दीडच्या सुमारास जा, स्टाफ आळीपाळीने जेवायला जातो तेव्हा खोलीत खरंच किती मोठी माणसं उरतात ते दिसेल. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस असा नियम आहे, तेवढं सगळीकडे मिळणार नाही पण अंदाज येतो. झोपायच्या खोलीत डोकावा, तान्ही बाळं पाठीवर झोपवलेली असली पाहिजेत आणि आसपास उशी-खेळणी नको. इथल्याच कुणा माणसाबद्दल शंका आली तर सांगायचं कोणाला हे सरळ विचारा, आणि उत्तरात एक नाव येतं की चेहरा पडतो ते बघा. आणि अपघाताची वही मागा, मुलांची नावं झाकून दाखवायला हरकत नसते. ती कोरी निघाली तर मी तरी तिथे मूल ठेवणार नाही, इतकी लहान मुलं दिवसभर एकत्र खेळतात तिथे कुणीच पडत नाही असं होत नाही.