जुलुकाचा 'युनिव्हर्सल मेन': आधी गिटारचा अंगठा ऐका

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचं लोकसंगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: 'युनिव्हर्सल मेन'. जॉनी क्लेग आणि सिफो मचुनू या जोडीच्या जुलुका बँडचा हा पहिला अल्बम. साल १९७९, गाणी नऊ. त्यात सॅक्सोफोन आणि कीबोर्ड आहेत, इंग्रजी गाणीही आहेत, म्हणून पुष्कळ जण 'हे फ्यूजन, खरं लोकसंगीत नव्हे' असं म्हणून तो बाजूला ठेवतात. ही मोठी चूक आहे. या अल्बमातली परंपरा दोन गिटारांवरच्या बोटांत आहे आणि तिथे ती जराही पातळ झालेली नाही.

या वादनाला मस्कंदी म्हणतात. शब्द आफ्रिकान्स भाषेतल्या 'म्युझिकांट'वरून, म्हणजे वादकावरून आला. दक्षिण आफ्रिकेच्या नाताल प्रांतातल्या खेड्यांतून खाणीत आणि शहरात मजुरीला गेलेल्या झुलू पुरुषांनी स्वस्तातली गिटार घेतली आणि गावाकडची चाल तिच्यावर बसवली. त्यासाठी आधी तिचा सूरच बदलला. नेहमीच्या गिटारच्या तारा जाड तारेकडून मोजल्या तर ई, ए, डी, जी, बी, ई या पाश्चात्य स्वरांना लागतात. मस्कंदीत सर्वांत बारीक तार (तारांचे क्रमांक बारीक बाजूने मोजतात, म्हणून ही पहिली) पूर्ण एक स्वर उतरवून डीवर आणतात. घरी करून पाहायचं असेल तर दुसरी तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि मोकळी पहिली तार तिच्याशी जुळवा. मोकळ्या चौथ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर ती वाजली, की झालं. इथे दोन घोटाळे हमखास होतात. एक, पाठ झालेले कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या बोटांच्या जागा) तसेच धरले तर पहिली तार बेसूर बोलते. ज्या कॉर्डमध्ये ती तार येते तिथे बोट दोन पडदे पुढे न्यावं लागतं. दुसरा, तारांचा संच फार बारीक असेल तर उतरवलेली तार ढिली पडून पडद्यांवर खरखरते. पहिली तार एक माप जाड घेतली की खरखर जाते.

वाजवण्याच्या पद्धतीला 'उकुपिका' म्हणतात. अंगठा आणि तर्जनी, बस्स. अंगठा जाड तारांवर खर्जाची ओळ चालवतो, तर्जनी बारीक तारांवर चाल खेळवते. दोन्ही ओळी एकाच क्षणी सुरू होत नाहीत, म्हणून नव्या कानाला सम सापडत नाही. गाणाऱ्याचा आवाजही गिटारच्या सुरुवातीशी न जुळता मधूनच शिरतो आणि साथीदार त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू करतात. पावलांनी ठेका धरून ऐका. हे चालता चालता वाजवायचं संगीत आहे, पावलांनी मोजलं की गोंधळ सुटतो. मस्कंदीत गाण्याआधी गिटारवर जी सुरावट भरभर फिरत येते तिला 'इझिहलाबो' म्हणतात. वादक तिच्यात आपला सूर आणि हात दोन्ही दाखवून देतो.

हे सगळं गिटारच्या आधीपासूनचं आहे. 'उमाखवेयाना' हे धनुष्यासारखं वाद्य पाहिलं की कळतं: वाकवलेली काठी, तिला ताणलेली तार, तार मधोमध एका फासाने मागे ओढून दोन भागांत केलेली आणि फासापाशी भोपळा. भोपळ्याचं तोंड छातीशी धरतात, जवळ-दूर करतात आणि बारीक काडीने तार टोलवतात. फासाच्या दोन बाजूंना दोन मूळ स्वर मिळतात आणि भोपळ्याच्या हालचालीने त्यांच्यावरचे वरचे स्वर उमटतात. दोन मूळ स्वरांमध्ये ये-जा आणि वरून खाली उतरत येणारी चाल, हे मस्कंदी गिटारचंही हाड आहे. क्लेगला हे धनुष्यही वाजवता येत असे.

आता गाण्यांकडे. सुरुवात शेवटून करा. 'इन्कुंझी आयिहलाबी न्गोकुमिसा' हे शेवटचं गाणं झुलू म्हणीवर उभं आहे: बैल शिंगांच्या ठेवणीवर भोसकत नाही. शिंगं भारदस्त असली म्हणजे झुंज जिंकली असं नाही, आखूड शिंगांचा लहान बैलही मोठ्याला लोळवतो. बैल ओळखणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. मचुनूकडे असलेल्या बैलाचं नावच जुलुका होतं. शब्दाचा अर्थ घाम. 'थुला म्तानामी', म्हणजे 'उगी बाळा', हे त्यानंतर ऐका. मग शीर्षकगीत. ज्यांच्या हातांनी शहरं उभी राहिली आणि ज्यांनी डोंगरातून सोनं उपसलं त्या स्थलांतरित मजुरांचं ते गाणं आहे, आणि सगळा अल्बम त्याच माणसाभोवती फिरतो. एक पाय गावात, एक शहरात.

उणीव एकच, पण ती सांगायलाच हवी. साथीला सिफो गुमेडे (बास गिटार), गिल्बर्ट मॅथ्यूज (ड्रम), मर्व्हिन आफ्रिका (कीबोर्ड), रॉबी जॅन्सन (सॅक्सोफोन, बासरी) असे जॅझमधले मुरलेले वादक आहेत. गुमेडेचा बास अंगठ्याच्या ओळीला सुंदर आधार देतो. सॅक्सोफोन मात्र काही ठिकाणी अगदी पुढे येऊन उभा राहतो आणि मागे दोन गिटारांचं जे बारीक विणकाम चाललेलं असतं ते झाकलं जातं. मोबाइलच्या स्पीकरवर तर ते उरतच नाही, कारण खर्ज गेला की अंगठा गेला. हेडफोन लावा. ते शक्य नसेल तर हा अल्बम त्या दिवशी ऐकूच नका.

क्लेग गोरा, जन्म १९५३ चा, इंग्लंडमधला. जोहान्सबर्गमध्ये इमारतीची साफसफाई करणाऱ्या चार्ली म्झीला यांच्याकडून तो पोरवयात रस्त्यावरची गिटार शिकला. मचुनू नातालमधल्या क्रान्सकॉपकडचा, जोहान्सबर्गमध्ये माळीकाम करणारा. एक गोरा पोरगा झुलू गिटार वाजवतो हे ऐकून तो जुगलबंदीसाठी थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. वंशभेदी कायद्यांमुळे दोघांना एकत्र जाहीर कार्यक्रम करणं अवघड. मग घरं, चर्च, विद्यापीठं, मजुरांची वसतिगृहं. 'वोझा फ्रायडे' ही पहिली रेकॉर्ड १९७६ ची. सरकारी रेडिओवर प्रत्येक भाषेचं केंद्र वेगळं, त्यामुळे दोन भाषा मिसळलेलं गाणं कुठल्याच केंद्राला चालेना.

उच्चाराचं थोडं. सिफोमधला फ हा 'फळ' नीट म्हणणाऱ्याचा फ आहे, इंग्रजीतला एफ नव्हे. मचुनूमधला च आपल्याकडे लिहिताच येत नाही, पण काढता येतो: हळहळताना जीभ दातांमागे टेकवून आपण जो 'च्च्' करतो, तोच. गाण्यांत तो ऐकू आला की ताल चुकला असं समजू नका, ते व्यंजन आहे.

शोधताना 'जुलुका' या नावानेच शोधा. क्लेगच्या नावाच्या संकलनांत १९८६ नंतरच्या सावुका बँडची गाणी मिसळलेली असतात. ती चांगली आहेत, पण त्यांत कीबोर्डचा थर जाड आहे. 'युनिव्हर्सल मेन' रुचला तर पुढे १९८२ चा 'उबुहले बेम्वेलो' घ्या. तो झुलूत गायलेला आहे आणि गावाच्या अधिक जवळचा. मचुनू १९८५ मध्ये गुरं सांभाळायला गावी परतला. ही जोडी ऐकायची तर त्याआधीच्या रेकॉर्डवरच आधी हात ठेवा.