फुकट डेमो, अर्धं बॉनेट आणि माझे ९,९९९ रुपये

घरी येऊन गाडीला 'पाच वर्षांचं सिरॅमिक कोटिंग', म्हणजे रंगावर चमकदार संरक्षक थर, करून देणारे लोक सध्या बडोद्यात सोसायट्यांमधून फिरतायत. त्यांना गेटच्या आत घेऊ नका. मला त्यांनी ९,९९९ रुपयांची टोपी घातली: २,५०० ॲडव्हान्स, ६,००० काम झाल्यावर आणि १,४९९ 'वॉरंटी रजिस्ट्रेशन'चे. दहा हजाराला एक रुपया कमी. तो एक रुपया तरी कशाला सोडला, देव जाणे.

पैशांपेक्षा लाज जास्त वाटतेय. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत गाडी धुण्या-पुसण्यातला शहाणा म्हणून लोक मला ओळखतात. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक नुसत्या पाण्याची, वरून खाली धुवायचं, चाकांचं फडकं वेगळं, उन्हात कधीच नाही, भांड्यांचा साबण तर मुळीच नाही कारण तो असलेलं वॅक्सही काढून टाकतो, हे सगळं मी लोकांना फुकटात सांगत आलोय. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. ते अंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणून लगेच टिपून घ्या, हे तर मी वॉचमनलासुद्धा शिकवलंय. वर्षानुवर्षं माझ्या गाडीला माझ्याच हाताने वॅक्स लागलंय. पण यंदा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना, तिथे गाडीच्या छपरावर वॅक्स कसं घासणार? दसरा तोंडावर आलेला, गाडीची पूजा करायची, आणि गाडीवर पावसाळ्याची सगळी घाण. ज्याला हे हौशी लोकांचे चोचले वाटतात त्याने खुशाल हसावं.

तर नवरात्रात एका रविवारी सोसायटीच्या गेटशी छत्री, टेबल आणि बॅनर लागला. सेक्रेटरींनी परवानगी दिली होती, सोसायटी फंडाला २,००० रुपये घेऊन. माणूस सेक्रेटरींनी आत घेतला, म्हणजे कोणीतरी चौकशी केली असणार, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं.

'फ्री डेमो'साठी त्यांनी माझीच गाडी निवडली. माझी गाडी गडद निळी आहे. गडद रंगावर फडक्याचे गोल गोल ओरखडे उन्हात जाळ्यासारखे दिसतात, आणि बफिंग केल्यावर फरकही लगेच दिसतो. पांढरी गाडी ते कधीच निवडणार नाहीत, तिच्यावर जादू दिसत नाही. पोराने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली, एका बाजूला कंपाऊंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) टाकून मशीन फिरवलं आणि पट्टी काढली. डावीकडे आरसा, उजवीकडे माझी रोजची गाडी. वर त्याने पाणी मारलं, डाव्या बाजूला थेंब टपटप मोत्यांसारखे उभे राहिले. चारजण जमले, मोबाईल निघाले.

पट्टीची खरी चलाखी अशी की अर्धं बॉनेट चकचकीत आणि अर्धं मळकट अशी गाडी घेऊन उद्या ऑफिसला कोण जाणार? उरलेलं अर्धं तरी करून घ्यावंच लागतं. आणि नुसतं बॉनेटच केलं तर बाकी गाडी जुनी दिसते. फुकट म्हणून आपण जे घेतो ते आपल्याच गळ्यात अडकतं. "काका, पांच वरस सुधी जोवानुं ज नहीं," असं तो म्हणाला. म्हणजे पाच वर्षं बघायलाच नको. किंमत १४,९९९ छापलेली, 'दसरा ऑफर'मध्ये ८,५००. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा. मी बिल नको म्हटलं. कोण नाही म्हणत? १,५३० रुपये वाचवायचे की कागद घ्यायचा, यात आपल्याकडे दहातले नऊजण पैसेच वाचवतात.

आता तो क्षण, जो आठवला की अजूनही दात खावेसे वाटतात.

मशीनचं काम उरकल्यावर पोराने पिशवीतून अर्धा लिटरची प्लॅस्टिकची फवाऱ्याची बाटली काढली. लेबल नाही, सील नाही, वर मार्करने इंग्रजीत 'नाईन एच' लिहिलेलं, कोटिंगच्या कडकपणाचा आकडा म्हणून मिरवतात तो. त्याने ती फुसफुस करून अख्ख्या छपरावर मारली आणि पिवळ्या फडक्याने पुसून काढली. पार्किंगमध्ये ऊन आलं होतं, पत्रा तापलेला. रॉकेलसारखा वास नाकात गेला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

खरं सिरॅमिक असं लागतच नाही. ते ३० किंवा ५० मिलीच्या इवल्याशा काचेच्या बाटलीत येतं. त्याचे चार थेंब छोट्या स्पंजाला गुंडाळलेल्या कापडावर घ्यायचे, हातभर जागेत उभं-आडवं लावायचं, तेलकट इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की दुसऱ्या स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं, मग पुढची हातभर जागा. त्याआधी पॉलिशचं तेल अल्कोहोलने पुसून रंग कोरडाठाक करावा लागतो, नाहीतर कोटिंग रंगाला धरतच नाही. हे सगळं सावलीत, बंद जागेत करायचं, आणि मग गाडीला निदान एक दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, आठवडाभर शाम्पू नाही. पोरगा मला काय म्हणाला? "काका, काल सवारे धोई नाखजो." म्हणजे उद्याच धुऊन टाका! मी हे वाचलेलं होतं, मला हे येत होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. कारण समोरच्या इमारतीतल्या काकू पाहत होत्या, शेजारचे काका आपल्या गाडीसाठी रांगेत उभे होते, आणि त्याच मिनिटाला बायकोने त्या पोरांसाठी चहा आणि गरम पोहे खाली पाठवले. आपल्या घरचे पोहे खाणाऱ्या पोराला 'बाटली दाखव' कसं म्हणायचं? सांगा, तुम्ही म्हटलं असतं?

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. "शेठनुं खातुं छे," तो म्हणाला. शेठचं खातं. बरं. कोणाच्याही नावावर पैसे जात असतील तर स्क्रीनवर दिसतंय ते नाव मोठ्याने वाचा, चारचौघांत वाचा, म्हणजे समोरचा चुळबुळ करतो की नाही ते कळतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला: वॉरंटी चालू करायची तर १,४९९ भरून रजिस्ट्रेशन, लिंक पाठवतोय. याबद्दल घरात मला अजून ऐकवलं जातं. पण ८,५०० घातलेला माणूस १,४९९ ला हात आखडत नाही, आणि ही गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगली ठाऊक आहे. मोबाईलवर वॉरंटी कार्ड आलं. सुंदर, सोनेरी किनार. त्यावर जीएसटी नंबरही होता. नंबर २७ पासून सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र. गुजरातचा नंबर २४ ने सुरू होतो आणि कार्डावर पत्ता बडोद्याचा. शिवाय अक्षरं-आकडे मोजले तर १४ भरतात. जीएसटी नंबर १५ चा असतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणताही नंबर फुकटात तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी तपासा, माझ्यासारखं नंतर नाही.

दिवाळीच्या आत सगळं उघडं पडलं. दोन-तीन वेळा साध्या शाम्पूने गाडी धुतली आणि पाण्याचे ते मोती गायब, पाणी सपाट पसरायला लागलं. थेंब उभे राहणं म्हणजे सिरॅमिक नव्हे. साध्या सिलिकॉन स्प्रेनेही राहतात, ताज्या वॅक्सनेही राहतात. मग गोल ओरखडे परत आले, सगळेच्या सगळे. ते कधी गेलेच नव्हते. तेलकट फिलरने बुजवले होते, साबणाने फिलर निघाला. उलट मशीनचे नवे ढगाळ पट्टे उन्हात दिसायला लागले, पेंटर लोक त्यांना होलोग्राम म्हणतात. तुमच्याकडे असं काम झालं तर ती पोरं जाण्याआधी अल्कोहोल-पाणी मारून हातभर जागा पुसा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. ओरखडे परत दिसले तर एक पैसा देऊ नका.

हे सगळं मी गिळलं असतं. बॉनेटची पुढची कड गिळवत नाही. तिथे बोटभर लांबीचा रंग जळून आतला राखाडी प्रायमर दिसतोय. कंपनीच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, आणि कडांवर तो आणखी पातळ. म्हणून मशीन फिरवण्याआधी कडांना मास्किंग टेप लावतात. याने टेप लावली फक्त मधोमध, तमाशासाठी. आता डेंटर-पेंटर म्हणतोय बॉनेट पूर्ण रंगवावं लागेल, ६,५०० रुपये, आणि निळा रंग तंतोतंत जुळेल याची खात्री नाही. क्लिअर कोट एकदा गेला की कुठल्याही वॅक्सने परत येत नाही.

फोन अर्थातच बंद.

मग चौकी. साहेबांनी गाडीचे फोटो पाहिले आणि विचारलं, "गाडी चमकी तो हती ने?" हो, चमकली होती. "पैसा तमे राजीखुशीथी आप्या ने?" हो. मग ही सिव्हिल मॅटर झाली, कामाच्या दर्जाचा वाद झाला. मी म्हटलं, खोटा जीएसटी नंबर, खोटी वॉरंटी, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, जुन्या ४२० च्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेलं. तर म्हणाले, वकील आहात का? नाही. पैसे ऑनलाइन दिलेत ना, मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष तुमच्या दारात आला, काम केलं, हे सायबर कसं? चौकीत जा. चौकीत परत गेलो तर ड्युटी बदललेली, नव्या साहेबांना सगळी रामकहाणी पहिल्यापासून. बँकेत काउंटरवरच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय सर. ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तिथे समोरच्या पार्टीचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का! कार्डावरच्या पत्त्यावर गेलोही: तिथे झेरॉक्सचं दुकान, मालक वैतागलेला, म्हणाला तुमच्यासारखे आणखी येऊन गेलेत. म्हणजे तक्रारी आहेत, माणसं आहेत, खाते क्रमांक आहे, आणि तरी कोणाच्याही टेबलावर ही 'केस' नाही. ज्या रिचार्जच्या दुकानाच्या खात्यात पैसे गेले त्या दुकानदाराला एक फोन करायला किती वेळ लागतो? तो एक फोन करायला कोणी तयार नाही. मला पोच हवी होती, नुसती शिक्का मारलेली पोच, तीही 'साहेब आल्यावर' मिळणार होती.

म्हणून तोंडी बोलू नका, लेखी अर्ज दोन प्रती करून न्या. चौकीत घेतला नाही तर पोलिसांच्या वरिष्ठांना टपालाने पाठवता येतो. लिंकवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, माझ्यासारखं दिवाळीपर्यंत थांबून नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, पण हातात बिल असलं तर बाजू भक्कम होते. ते १,५३० रुपये आता आठवतात.

आमच्या सोसायटीतल्या आणखी सात गाड्या यात अडकल्या. सातही जण माझ्यासमोर 'ठीक आहे हो, चालतंय' म्हणतात आणि गाडीवर कव्हर घालून ठेवतात. अर्जावर सही करायला एकही पुढे येत नाही. शेजारच्या काकांनी तर मलाच सुनावलं: तुम्ही करून घेतलंत म्हणून आम्ही केलं. मी कोणाला करा म्हटलं नव्हतं.

सेक्रेटरी म्हणतात सोसायटीचा काय संबंध, जागा फक्त वापरायला दिली. जागेचे २,००० रुपये रोख घेतले होते, पावती कोणी पाहिलेली नाही. ते खात्यात जमा झाले का, हे मी येत्या मीटिंगसाठी लेखी विचारलंय, आणि या अर्जाची पोच मात्र सही-शिक्क्यासकट घेतलीय.